४के गेमिंगसाठी शांत पीसी: पार्ट कोणत्या क्रमाने निवडायचे आणि लोक कुठे चुकतात

४के गेमिंगचा पीसी बांधायचा म्हटलं की बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात, मग समोरून काच असलेलं लायटिंगवालं कॅबिनेट आवडतं म्हणून घेतात, आणि उरलेल्या पैशात जे ग्राफिक कार्ड बसेल ते. पीसी घरी येतो, गेम सुरू होतो आणि दहा मिनिटांत बाहेरच्या खोलीतून आई विचारते की एवढा कसला आवाज येतोय. मग बॉक्सवर 'सायलेंट' लिहिलेले पंखे आणून लावले जातात, फरक काही पडत नाही. पडणार कसा, पंखा आवाज करतोय कारण आत उष्णता साचलीय, आणि उष्णता साचलीय कारण पार्ट उलट्या क्रमाने निवडलेत.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा: जेवढे वॅट जळतात तेवढी उष्णता, आणि ती बाहेर काढायला हवेची वाट जेवढी अडलेली तेवढा आवाज. खालचा सगळा क्रम यावरूनच ठरतो, त्यामुळे मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

१. पैसे काढण्याआधी खोली बघा

पीसी कुठे राहणार ते आधी ठरवा. जुन्या कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या बंद खणात ठेवणार असाल तर पुढचं काहीही करून तो शांत होणार नाही, कारण तीच गरम हवा तो परत आत ओढतो. टेबलावर किंवा बाजूच्या स्टुलावर ठेवा, मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा सोडा, खाली रबरी पॅड. थेट फरशीवर ठेवला तर धूळ जास्त ओढतो.

नाशिकमध्ये पीसी बांधणार असाल, जसे आम्ही बांधतो, तर एक गोष्ट वेगळी धरावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सीलिंग फॅन बंद असतो, खिडक्या बंद, बाहेर गारठा, त्यामुळे खोलीत इतकी शांतता असते की पीसीतली बारीक घरघरसुद्धा ऐकू येते. आणि एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, खोलीतच ३५-३६ अंश, सीलिंग फॅन फुल्लवर, तेव्हा पीसीचा आवाज कोणाला जाणवत नाही पण तापमान मात्र डोक्यावरून जातं. खोली १५ अंशांनी गरम झाली तर त्याच स्पीडच्या पंख्यांवर आतले पार्टही साधारण तेवढेच गरम होतात. म्हणजे पार्ट निवडायचे उन्हाळ्याच्या हिशोबाने आणि आवाज सेट करायचा थंडीच्या रात्री. एकाच ऋतूत तपासून समाधान मानणारे पुढच्या ऋतूत वैतागतात.

तपासा: इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी ते नीट करून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसी बदलून काही होत नाही, घरातलंच वायरिंग बघावं लागतं.

२. सगळ्यात आधी मॉनिटर

हो, आधी मॉनिटर, कारण ग्राफिक कार्डला किती काम करावं लागणार हे तोच ठरवतो. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. १४४०पी मध्ये साधारण ३७ लाख आणि १०८०पी मध्ये २१ लाख. म्हणजे ४के मध्ये कार्डाला प्रत्येक फ्रेमला १४४०पीच्या सव्वादोनपट आणि १०८०पीच्या चौपट पिक्सेल भरायचे असतात. एवढे वॅट उगाच जाळण्याआधी स्वतःला विचारा की तुम्ही स्क्रीनपासून किती लांब बसणार. टेबलावर हातभर अंतरावर २७ इंची ४के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, ३२ इंची म्हणजे सुमारे १३८. माझ्या मते टेबलासाठी ३२ इंची ४के हा सगळ्यात समाधानाचा साइज आहे. २७ इंचीच घ्यायचा असेल तर १४४०पीचा पर्याय गंभीरपणे बघा, इंचाला १०९ पिक्सेल मिळतात आणि कार्ड एक-दोन पायऱ्या खालचं, म्हणजे थंड आणि शांत चालतं.

रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा, १२० किंवा १४४ हर्ट्झ पुरे. फ्रीसिंक किंवा जीसिंक (मॉनिटरचा ताल कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारं तंत्र) असलंच पाहिजे, त्याचं कारण पायरी ९ मध्ये येईल.

सावधान: काही महागड्या ओएलईडी मॉनिटरमध्ये आतच छोटा पंखा असतो. शांत पीसीसाठी एवढा खर्च करून मॉनिटरच गुणगुणत बसला तर काय उपयोग, म्हणून घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा रिव्ह्यू वाचा. आणि एचडीएमआयने ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर मॉनिटर, कार्ड आणि केबल तिन्ही २.१ च्या लायकीचे लागतात, घरात पडलेल्या जुन्या केबलवर ६० हर्ट्झवरच अडकाल.

३. ग्राफिक कार्ड: वॅट बघून निवडा

बजेटचा सगळ्यात मोठा वाटा इथे जातो, मॉनिटर सोडून उरलेल्या पैशातले निम्म्याच्या आसपास. ४के साठी १६ जीबी मेमरीच्या खाली जाऊ नका, १२ जीबीवर आजचे जड गेम टेक्स्चर कमी करायला लावतात.

आता वॅट. आरटीएक्स ५०७० टीआय ३०० वॅटचं, आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅटचं, आरटीएक्स ५०८० ३६० वॅटचं, आणि आरटीएक्स ५०९० थेट ५७५ वॅटचं. ५०९० घेऊन शांत पीसी बांधता येतो पण त्याला लागणारं कॅबिनेट, पंखे आणि मे महिन्यातला खोलीचा एसी हे सगळं हिशोबात धरा, बंद खोलीत तो एक छोटा हीटरच आहे. ज्याला शांतता खरंच महत्त्वाची आहे त्याने ३०० वॅटच्या आसपास थांबावं असं माझं स्पष्ट मत. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणारी तंत्रं) क्वालिटी मोडवर ठेवलं की कार्ड आतून १४४०पी वरच काम करतं आणि ४के वर चढवून दाखवतं, ३२ इंचावर फरक शोधावा लागतो.

एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) विकतात, आणि आवाजातला खरा फरक इथेच असतो. दोन पंख्यांचं आखूड स्वस्त मॉडेल आणि तीन पंख्यांचं जाड मॉडेल, दोघांची चिप तीच, वॅट तेच, पण जाड हीटसिंकवर पंखे निवांत फिरतात. 'ओसी' (कंपनीनेच स्पीड थोडा वाढवलेलं) लिहिलेल्या मॉडेलला जास्त पैसे देऊ नका, ते पैसे जाड हीटसिंकला द्या.

तपासा: कार्डाची लांबी, जाडी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. पुढच्या पायरीला हा कागद हातात लागतो.

४. कॅबिनेट आणि पंखे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सावकाश वाचा.

लोकांना वाटतं चारी बाजूंनी बंद, आतून फोम लावलेलं कॅबिनेट शांत असतं. १५० वॅटचा पीसी असेल तर असेलही. ४०० वॅट आत सोडल्यावर फोम उष्णता कोंडतो, पंखे जोरात फिरतात, आणि तो आवाज फोमला आवरत नाही. ४के साठी समोरून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. समोरची काच आणि बाजूला बोटभर फट हा प्रकार दिसायला छान, चालायला वाईट.

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला ओळखीतल्या एका मुलाकडे असंच काचेचं कॅबिनेट होतं. गेम चालू असताना कार्ड ८३ अंश, पंखे दोन हजाराच्या वर, हेडफोन घातल्याशिवाय बसवत नव्हतं. गेम तसाच चालू ठेवून आम्ही समोरचं पॅनल ओढून काढलं आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसलो, तापमान हळूहळू सत्तरीच्या सुरुवातीला आलं आणि कार्डाचे पंखे ऐकू येईल इतके स्पष्ट खाली बसले. काढलेलं पॅनल हातात घेऊन पाहिलं तर बाजूची फट बांधकामाच्या पांढऱ्या धुळीने जवळपास बुजलेली. ही चाचणी कोणीही करू शकतो: पॅनल काढल्यावर पाच अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर दोष कॅबिनेटचा, पंखे बदलून पैसे घालवू नका.

आता पंख्याचं गणित, कारण ते कळलं की बाकीचे निर्णय सोपे जातात. पंख्याचा स्पीड कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण आवाज त्याहून खूप वेगाने पडतो. १५०० वरून १००० आरपीएमवर आणलं तर हवा दोन तृतीयांश उरते आणि आवाज जवळपास ९ डेसिबलने घटतो, म्हणजे कानाला साधारण निम्मा. उलट त्याच स्पीडचा तसाच दुसरा पंखा जोडला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा तीन पंखे सावकाश फिरवणं केव्हाही बरं. १४० मिलिमीटरचे बसत असतील तर १२० च्या ऐवजी तेच घ्या.

समोर दोन १४० किंवा तीन १२० आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, समोर तीन असतील आणि हवा असेल तर वरती अजून एक. ओढणारे फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटीफटीतून न येता फिल्टरवर अडकते. सगळे पंखे चार पिनांचे पीडब्ल्यूएम, म्हणजे स्पीड कमी-जास्त करता येणारे, असावेत. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारे मोलेक्सवर (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनी प्लगवर) चालणारे लायटिंगचे पंखे एकाच स्पीडने फिरत राहतात, ते काढून ठेवलेलेच बरे.

तपासा: कार्डाची लांबी अधिक समोरच्या पंख्याची २५ मिलिमीटर जाडी, ही बेरीज कॅबिनेटच्या आतल्या जागेपेक्षा निदान २० मिलिमीटर कमी हवी. कार्डाची रुंदीही बघा, पॉवर केबल वाकायला काचेपर्यंत जागा लागते.

५. प्रोसेसर आणि कूलर

४के वर बहुतेक गेममध्ये ग्राफिक कार्डच आधी दमतं, प्रोसेसर वाट बघत बसतो. रायझेन ५ ७६०० सारखा ६५ वॅटचा प्रोसेसरही पुष्कळ होतो. बजेट असेल, १२० हर्ट्झ पुरेपूर हवं असेल तर रायझेन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी. हे गेममध्ये शंभर वॅटच्या आतच राहतात. कोअर आय९-१४९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर शांत गेमिंग पीसीत कशाला, मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

७६०० सोबत बॉक्समध्ये जो छोटा कूलर येतो तो लोड आला की किरकिरतो, तो वापरू नका. दोन टॉवरचा एअर कूलर घ्या. लिक्विड कूलरचा आग्रह दुकानदार हमखास करतात. पण लिक्विडमध्ये पंप सतत चालतो, पीसी नुसता चालू असला तरी त्याची बारीक कुणकुण थंडीच्या रात्री ऐकू येते, आणि काही वर्षांनी पंप गेला की अख्खं कूलर बदलायचं. एअर कूलरमध्ये फार तर पंखा बदलावा लागतो.

तपासा: कूलरची उंची. थर्मलराइटचा पीरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर. कॅबिनेट १६० पर्यंतच घेत असेल तर दुसरा बसणारच नाही. आणि उंच लायटिंगवाली रॅम घेतली तर कूलरचा पुढचा पंखा वर सरकवावा लागतो, मग बाजूचं पॅनल लागत नाही.

६. एसएमपीएस आणि यूपीएस

५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटीसाठी कंपनी ७५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) सांगते, ५०८० साठी ८५०. शांततेसाठी एक पायरी वरचा घ्या, कारण निम्म्या लोडवर चांगल्या एसएमपीएसचा पंखा एकतर बंद असतो किंवा अगदी सावकाश. ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), एटीएक्स ३.० किंवा ३.१ (नवीन एसएमपीएसचं मानक), आणि कार्डाला लागत असेल तर १२व्ही-२x६ ही कार्डाची पॉवर केबल सोबत आलेली असावी. इथे दोन-तीन हजार वाचवून लोक लाखाचं कार्ड धोक्यात घालतात, कृपा करून असं करू नका.

आता यूपीएस. दुकानात सरसकट ६०० व्हीएचा देतात, त्याची खरी ताकद असते साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना हा पीसी ४०० च्या वर जातो, म्हणजे लाइट गेली की यूपीएस टूं करून पीसीसकट बंद. पावसाळ्यात वीज मिनिटभरासाठी जाते-येते तेव्हा हे हमखास होतं. १००० व्हीए किंवा वरचा, मागच्या स्टिकरवर वॅटचा आकडा ६०० किंवा जास्त, आणि प्युअर साइनवेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा. चौकोनी वेव्हच्या घरगुती इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस कधी कधी बंद पडतात किंवा गुरगुरतात.

सावधान: काही मोठ्या यूपीएसमध्ये पंखा चोवीस तास चालतो. घेण्याआधी दुकानात चालू करून कान लावून ऐका.

७. उरलेलं, पटकन

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५०, व्हीआरएमवर (बोर्डावरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) नीट हीटसिंक आणि पंख्यांसाठी चार-पाच हेडर, म्हणजे पंखा जोडायच्या पिना. रॅम डीडीआर५ ६०००, १६ जीबीच्या दोन काड्या. चार काड्या लावू नका, एएम५ वर (या रायझेनच्या सॉकेटवर) स्पीड पडतो. एसएसडी जेन ४ एनव्हीएमई पुरते, जेन ५ गरम होते आणि गेममध्ये फारसा फरक देत नाही. जुनी हार्ड डिस्क आत लावू नका, सगळा पीसी शांत झाल्यावर तिची खडखड कॅबिनेटच्या पत्र्यातून घुमते. बॅकअपला हवी असेल तर बाहेरची घ्या आणि काम झालं की काढून ठेवा.

८. खरेदी

यादी पक्की झाल्यावरच दुकानात जा. नाशिकमध्ये मिळेल ते इथेच घ्या, विशेषतः मॉनिटर, एसएमपीएस आणि यूपीएस, कारण बिघाड झाला तर घेऊन जायला सोपं. एखादं ठरावीक कार्ड किंवा कूलर इथे नसेल तर ऑनलाइन मागवा, नाहीतर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला, लॅमिंग्टन रोडचं कॉम्प्युटर मार्केट पालथं घालून संध्याकाळच्या पंचवटीने परत. एक दिवसाचं काम आहे, पण जाण्याआधी फोन करून माल आहे का ते विचारा.

दुकानदार म्हणेल 'साहेब, हाच एसएमपीएस आहे पण दुसऱ्या कंपनीचा, एकदम सेम'. सेम नसतो. मॉडेल नंबर जुळला पाहिजे. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या, वॉरंटीला तोच विचारतात. आणि बॉक्स टाकू नका, कार्ड सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर मूळ बॉक्समधूनच सुखरूप जातं.

तपासा: परत घेण्याची मुदत किती आहे ते विचारा. कॉइल व्हाइन म्हणजे कार्डातून येणारी बारीक चीं-चीं, ती प्रत्येक कार्डागणिक वेगळी असते आणि घरी चालवल्याशिवाय कळत नाही.

९. जोडणी आणि सेटिंग, याच क्रमाने

टेबलावर मदरबोर्डच्याच बॉक्सवर बोर्ड ठेवून प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी लावा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायला विसरू नका, हे दुकानात असेंबल करणारेसुद्धा विसरतात. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये, मग केबली, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. १२व्ही-२x६ कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर वितळतो. जड कार्डाला खालून आधार द्या. मॉनिटरची केबल कार्डाला, मदरबोर्डला नको.

विंडोज टाकल्यावर आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते. मग पंखे.

इथून पुढचं काम कोणीच करून देत नाही, आणि पैसे न घालवता सगळ्यात जास्त शांतता इथेच मिळते. बायोसमध्ये केसचे, म्हणजे कॅबिनेटचे, पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. रायझेनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात १५ अंश उडी मारतं, आणि पंखे सारखे वर-खाली होतात. एकसारखा हलका आवाज कान विसरतो, चढ-उतार विसरत नाही. फॅन कंट्रोल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या आणि केसचे पंखे ग्राफिक कार्डाच्या तापमानाला बांधा, कारण गेममध्ये खरी उष्णता तिथे असते. ५० अंशांपर्यंत सपाट ५००-६०० आरपीएम, तिथून ७५ अंशांपर्यंत हळूहळू ९००-१००० पर्यंत. प्रोसेसरच्या पंख्याला प्रतिसादाचा वेळ काही सेकंदांनी वाढवा.

मग कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १०० वरून ८० टक्क्यांवर आणा. ३०० वॅटचं कार्ड २४० वर येतं आणि फ्रेम साधारण पाचेक टक्केच घटतात. ६० वॅट कमी म्हणजे पंख्यांना केवढा आराम! काही कार्डांवर स्लायडर एवढा खाली जात नाही, तिथे अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला थोडं कमी व्होल्टेज द्या, एका वेळी थोडंच, आणि प्रत्येक वेळी आपला सगळ्यात जड गेम तासभर खेळून बघा. गेम बंद पडला तर एक पायरी मागे या.

शेवटी फ्रेमला लगाम. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर ११६ ला कॅप लावा, निवांत गेमला ७०-८० सुद्धा पुरे, फ्रीसिंक असल्याने कमी फ्रेमलाही चित्र फाटत नाही. कॅप नसेल तर गेमच्या मेनूत कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतं आणि चीं-चीं तिथेच सगळ्यात मोठी येते.

तपासा: एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि पंख्यांचा स्पीड दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून अर्धा तास खेळा. कार्ड ६५ ते ७५ अंश आणि केसचे पंखे हजाराच्या आत असतील तर काम झालं. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे, गेममध्ये तो तिच्या जवळपासही जाता कामा नये. जात असेल तर कूलर उघडा, पेस्ट आणि स्क्रू बघा.

१०. मार्चमध्ये परत बसा

थंडीत लावलेली कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती फिरेल ती आखणी, मेमध्ये पुरत नाही. मार्चच्या शेवटी एका दुपारी, खोली तापलेली असताना, तोच गेम अर्धा तास चालवा. कार्ड ८० च्या वर जात असेल तर केसच्या पंख्यांचं वरचं टोक १२०० आरपीएमपर्यंत न्या आणि ही कर्व्ह 'उन्हाळा' नावाने वेगळी सेव्ह करा, फॅन कंट्रोलमध्ये दोन कॉन्फिगरेशन ठेवता येतात. दिवाळीनंतर परत थंडीची लावायची.

फिल्टर महिन्यातून एकदा काढून झटका, घराजवळ बांधकाम चालू असेल तर पंधरा दिवसांनी. पाण्याने धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका, पावसाळ्यात याला दीड-दोन दिवस लागतात. ब्लोअरने आतली धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भरमसाट वेगाने फिरतं, बेअरिंग खराब होतं आणि त्यानंतर तो पंखा कुठल्याही स्पीडला घरघरतो.